शाफ्ट गळत नाही

गॅरेज आता मुलगा बघतो. मी सकाळी जाऊन बसतो, चहा पितो आणि त्याच्या कामात चुका काढतो. निवृत्ती म्हणतात ती हीच असावी. तरी लोक या मेस्ताला, म्हणजे मिस्त्रीला, सोडत नाहीत. बाजारात गाठतात, लग्नाच्या मांडवात गाठतात. एकदा तर मयताच्या घरी अंगणात बसलो होतो, तिथे शेजारच्या खुर्चीवरल्या गृहस्थाने हळूच विचारलं, "मेस्त, लांबच्या प्रवासाला चेनची गाडी बरी, की शाफ्टची?"

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर मी प्रश्न संपायच्या आत देत असे. "शाफ्ट!" आता मी उलट विचारतो, "तुमच्या मागे कोण बसतं?" माणसं माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात. मेस्ताचं डोकं वयामुळे फिरलंय अशी आमच्या गोव्यातल्या पेडण्यात एक समजूत आहे. ती मी खोडून काढत नाही.

ज्यांचा मोटरसायकलीशी संबंध फक्त आवाजापुरता येतो, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात ताकद तयार होते आणि ती मागच्या चाकापर्यंत न्यावी लागते. एक मार्ग चेनचा. सायकलला असते तशीच, फक्त दणकट. ती उघड्यावर असते, धूळ, पाणी, समुद्राची वाळू सगळं खाते. तिला धुवावं लागतं, तेल द्यावं लागतं, सैल पडली की ताणावी लागते, आणि शेवटी दातेरी चक्रांसकट बदलावी लागते. दुसरा मार्ग शाफ्टचा. लोखंडी दांडा नळीत बंद, चाकाजवळ दात्यांची एक पेटी, पेटीत तेल, सगळं सीलबंद. अधूनमधून तेल बदललं की झालं. चेन हे रोज रडणारं पोर आहे. शाफ्ट हे शहाणं पोर, आजारी पडलं तरी सांगत नाही. हे दुसरं वाक्य मला आज सुचतंय. तेव्हा मी फक्त पहिलंच वाक्य म्हणायचो.

माझं शिक्षण सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणीवर झालं, तिथे खनिजाला मातीच म्हणतात. मातीच्या ट्रकांखाली पाठीवर झोपून मी ऐन उमेदीची वर्षं काढली. ट्रकला चेन नसते, शाफ्टच असतो, आणि दहा टन माती भरून तो दिवसभर ओढतो. ते बघून माझा शाफ्टवर जो जीव बसला तो बसलाच. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजायला लागले, आणि मी पेडण्याला हायवेच्या कडेला दुचाकींचं गॅरेज टाकलं. समुद्रावर जाणारे, समुद्रावरून येणारे, सगळे माझ्या दारावरून जात. हळूहळू मोठ्या गाड्या यायला लागल्या. प्रवासाच्या गाड्या. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, पुढे चार दिवे, वर चालवणारा माणूस चिलखतात. हे चिलखतवाले मे महिन्यात आले की मी आधी त्यांना पाण्याची बाल्दी दाखवत असे, मग गाडीचं काय ते विचारत असे.

या लोकांचं एक मंडळ आमच्याकडेही निघालं. सभासद बारा. हिमालयात जाण्याचा ठराव दरवर्षी एकमताने मंजूर होई आणि दर रविवारी सगळे जवळच्या बांद्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत येत. परतताना पेट्यांत सामान असे ते म्हणजे पाव. उरलेला वेळ माझ्या गॅरेजात चर्चा. चर्चा एकच: चेन की शाफ्ट. शाफ्टपक्षाचे पुढारी होते गुरुदास सर, निवृत्त हेडमास्तर, विज्ञान शिकवायचे. चेनपक्षाचा पुढारी उल्हास. उल्हास मये गावचा, खाणीच्या ऑफिसात होता, शाळेत माझ्याच बाकावर बसलेला. आणि गंमत अशी, की उल्हासची धाकटी बहीण सुलभा ही सरांची बायको. म्हणजे मेव्हण्या-मेव्हण्यांचं भांडण, आणि मध्ये ती.

सर खिशात पांढरा रुमाल ठेवत. नवा माणूस आला की ते रुमालाने शाफ्टची नळी पुसत आणि रुमाल सगळ्यांना दाखवत. "बघा. डाग नाही. आता तुझ्या चेनला पूस, उल्हास."

उल्हास जुन्या टूथब्रशने चेन घासत बसलेला असे. स्वतःचे दात त्याने इतक्या निष्ठेने कधी घासले नव्हते, हे मी शाळेपासून साक्षीला आहे. तो मान वर न करता म्हणे, "सर, माझी चेन तुटली तर मी रस्त्यात जोडीन. तुमचा शाफ्ट मोडला तर टेम्पो बोलवा."

"मोडला तर ना!" सर म्हणत आणि माझ्याकडे बघत. "मेस्त, तुम्ही सांगा. तुमच्या तीस वर्षांत शाफ्ट मोडलेला पाहिलात?"

मी पाहिले होते. ट्रकचे. पण हेडमास्तर माणूस भर सभेत आपल्याला साक्षीदार करतो तेव्हा सातवी पास मेस्ताच्या तोंडून काय निघणार? मी म्हणे, "शाफ्टला विसरून गेलात तरी चालतं, सर." टाळ्या पडत. हे वाक्य मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या फोटोसकट फिरलं. मी ते घरी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "फोटोत बनियन दिसतंय."

जुलैत मंडळाने चोर्ल्याच्या घाटात धबधबे बघायला जायचं ठरवलं. हिमालयाची रंगीत तालीम म्हणे. सुलभा येणार होती, सरांच्या मागे बसून. आदल्या दिवशी दोन्ही गाड्या माझ्याकडे आल्या. उल्हासने नवी चेन स्वतः बसवली होती, व्हिडिओ बघून. पावसात कोरडी पडू नये म्हणून माझ्या दारातच त्याने तिला तेलाने अशी आंघोळ घातली की खालची फरशी काळी झाली. सरांच्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायचे होते. ते मी बदलले.

चाकाच्या आतल्या बाजूला, शाफ्टच्या पेटीखाली, मला ओल दिसली. काळसर, बोटभर. गाडी नुकतीच धुतलेली, बाहेर पाऊस. सर माझ्या मागे उभे राहून मंडळाच्या दोघा सभासदांना सांगत होते, "हा माणूस परदेशात जन्मला असता तर कंपनीने नेला असता." मी फडकं घेतलं आणि ती ओल पुसली. चाकही पुसलं, जरा तोऱ्यातच. सरांनी लगेच रुमाल काढून नळीवरून फिरवला. डाग नाही. सगळे हसले, मीही हसलो, आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी फोन आला. घाटात उजव्या वळणावर सरांची गाडी घसरली होती. वेग कमी होता म्हणून गाडी दरीत न जाता डोंगराच्या कडेला जाऊन पडली. सरांना खरचटलं. सुलभा उजव्या अंगावर पडली, तिचं मनगट मोडलं. दोन ठिकाणी.

गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. तिच्या आधी बातमी आली होती, आणि बातमीबरोबर निकालही. उल्हास पुढे होता. त्याच्या चेनमधून तेल उडत होतं, त्याची नंबरप्लेट काळी झालेली सगळ्यांनी पाहिली होती. ते तेल रस्त्यावर पडलं, त्यावरून सरांचं चाक घसरलं. सरांनी हे इस्पितळातच, फळ्यावर आकृती काढावी तसं, कागदावर काढून दाखवलं. विज्ञानाचा माणूस. बाणही काढले होते.

मी मागच्या चाकाशी बसलो. टायरची डावी बाजू चिखलाने माखलेली, नुसती चिखलाने. उजव्या बाजूला चिखलाखाली चकाकी होती. त्या गाडीला शाफ्टची पेटी उजवीकडे आहे. मी बोट लावलं आणि नाकाशी नेलं. दात्यांच्या पेटीतल्या तेलाला एक वास असतो, सडक्या अंड्यासारखा. चेनच्या तेलाला तो नसतो. ज्याने आयुष्य ट्रकखाली काढलं त्याला हा वास झोपेतही कळतो.

सील फाटलं होतं. तेल थेंब थेंब टायरच्या उजव्या कुशीवर येत होतं. सरळ रस्त्यात ती कूस जमिनीला लागतच नाही, म्हणून सर घाटापर्यंत सुखरूप गेले. उजव्या वळणावर गाडी कलली आणि टायरने तेलावर पाय ठेवला. आदल्या दिवशी मी जी ओल पुसली, ती पाण्याची नव्हती.

मी काय केलं ते सांगतो, कारण तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय. मी टायर घासून धुतला. गाडी मागे नेऊन ताडपत्रीखाली ठेवली आणि "स्पेअर यायचे आहेत" असं सरांना कळवलं. गुन्हेगार आधीच सापडला होता, मी कशाला मध्ये पडू? असा विचार मी केला. विचार म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, नुसती भीती होती. ज्या मेस्ताचं वाक्य फोटोसकट फिरलं, त्याच्या हातून हे झालं म्हटल्यावर हायवेवर कोण थांबणार?

पंधरा दिवस असे गेले. मंडळ फुटलं. सहा शाफ्टकडे, सहा चेनकडे, आणि दोन्ही गट वेगवेगळ्या रविवारी बांद्याला चहा प्यायला जाऊ लागले. सरांनी जाहीर केलं की ते मयेच्या घराची पायरी चढणार नाहीत. गणपतीची चवथ महिन्यावर आली होती. सुलभा लग्न झाल्यापासून दर चवथीला माहेरी मयेला जायची, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला दोन दिवस आधी. यंदा ती जाणार नाही असं ऐकलं. मी ताडपत्रीकडे बघायचं टाळत होतो. गॅरेज लहान असलं की हे फार कठीण असतं.

मग एका सकाळी उल्हास आला. बसने. त्याला बसने आलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. दाढी वाढलेली. स्टुलावर बसला.

"गाडी?" मी विचारलं.

"घरी आहे. चेन काढून ठेवली. दामू, तू गाडी बघितलीस ना? एक सांग. माझं तेल असेल रे खरंच? त्या दिवशी मी जास्तच ओतलं होतं. तू बघितलंस, तुझ्या दारात ओतलं. रात्रभर तेच डोळ्यासमोर येतं. लहान असताना मी तिला सायकलवर डबलसीट नेली आणि पाडली होती, तेव्हा बाबांनी मला विचारलं, तू पाडलीस? मी म्हटलं, नाही, ती उडी मारायला गेली. आता मात्र वाटतं, मीच पाडली."

मी ब्रेक पॅड हातात धरून उभा होतो. ते खाली ठेवलं.

"तू नाही पाडलीस," मी म्हटलं. "मी पाडली."

सगळं सांगितलं. ओल, फडकं, वास, धुतलेला टायर. तो ऐकत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चल."

"खंय?"

"भावजींकडे. हेच शब्द, हेच सगळं. चल."

सरांचं घर चालत दहा मिनिटांवर. उल्हासला दारात बघून सर आत वळले, पण मी मागे होतो म्हणून थांबले. सुलभा जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. मी उभ्याउभ्या सगळं बोललो. एका दमात, कारण दुसरा दम मिळेल याची खात्री नव्हती.

सर शांतपणे ऐकत होते. मग जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मेस्त, तुम्ही थोर आहात. दोन कुटुंबं एकत्र यावीत म्हणून स्वतःवर आळ घेताय. पण शाफ्ट गळत नाही."

"सर, गळला."

"शक्य नाही. बंद यंत्रणा आहे ती."

"सर, माझ्या हाताला तेल लागलं. वास घेतला मी."

"तो तुमचा प्रामाणिकपणा बोलतोय. तुम्हीच नव्हतं का सांगितलं, शाफ्टला विसरून गेलात तरी चालतं?"

माझंच वाक्य माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. आयुष्यात गुन्हा लपवायला लोक धडपडतात. माझा गुन्हा सिद्ध करण्यासाठी मी अर्धा तास घाम गाळत होतो आणि एक हेडमास्तर मला निर्दोष सोडत होता. उल्हास मध्ये बोलायला गेला, की सर म्हणत, "तू गप्प बस, आरोपी."

शेवटी सुलभा उठली. "गॅरेजात जाऊया. मलाही बघायचंय."

चौघं गेलो. मी ताडपत्री काढली, गाडी स्टँडवर घेतली आणि मागचं चाक उतरवलं. शाफ्टच्या गाडीला ते सोपं असतं, चार-पाच बोल्ट. टायर मी धुतला होता, पण सील फाटलेलंच होतं आणि पंधरा दिवसांत ते स्वस्थ बसलं नव्हतं. पेटीखाली तेल साचून लादीवर वाटीएवढा डाग पडला होता. "सर, रुमाल द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिला. मी पेटीखालून फिरवला आणि परत केला. काळा, चिकट. सरांनी तो उजेडात धरला. मग नाकाशी नेला आणि पटकन दूर केला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. देव फसवा निघाल्यावर भक्ताचा होत असेल तसा.

रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "हा अपवाद आहे."

उल्हासने इतका वेळ स्वतःला आवरलं होतं, आता त्याचा संयम सुटला. तो लादीवरच्या डागाचा फोटो काढायला लागला. "ग्रुपवर टाकतो. दोन्ही ग्रुपवर. चेन कधी असा दगा देत नाही, भावजी!"

मला राग आला. स्वतःवरचा होता, निघाला त्याच्यावर. "उल्हास, तुझी उतरवलेली चेन खंय आसा? जोडणीचा दुवा कसा लावलास ते बघितलं होतं मी त्या दिवशी." खरं म्हणजे तेही बघितलं होतं आणि तेही बोललो नव्हतो. त्या दुव्याला बारीक क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवायचं असतं. उलटं लावलं तर कशाला तरी घासून क्लिप उडते आणि चेन सुटते, कधी चाकात अडकते. उल्हासने उलटी लावली होती. "व्हिडिओ उलटा बघितलास काय? घाटात तू पुढे होतास. चेन सुटली असती तर आज तुला बघायला आम्ही इस्पितळात आलो असतो."

तो फोटो काढायचा थांबला. दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच बाकावर बसले.

सुलभा इतका वेळ त्या डागाकडे बघत होती. "दामूदा," ती म्हणाली, "तू पुसलंस तेव्हा वास आला नाही तुला?"

"आला असेल. लक्ष नव्हतं."

"लक्ष खंय होतं?"

"सर माझी स्तुती करत होते."

ती हसली. मला वाटलं सुटलो. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात स्तुतीनं मोडला." आणि प्लास्टरचा हात सावरत, "ते एक वेळ चालेल. चूक कोणाकडूनही होते. पण नंतरचे पंधरा दिवस? ह्यांचं आणि उल्हासाचं मी समजते, दोघेही येडे. तू नाही येडा."

याला मेस्ताच्या पेटीत कुठलं अवजार नसतं.

मी ग्रुपवर स्वतः लिहिलं, मुलाकडून टाईप करून घेतलं. सील गळत होतं, मी बघितलं, सांगितलं नाही. नावासकट. गिऱ्हाईक कमी झालं का, म्हणाल तर झालं, काही महिने. मग परत आलं, कारण पेडण्याच्या हायवेला दुसरा कोण आहे? याचं श्रेय मी प्रामाणिकपणाला देत नाही. गाडी आली की मात्र मी आधी तिच्या मागे बसतो आणि हात फिरवतो. चेन असो, शाफ्ट असो. बोट नाकाशी नेतो. लोक हसतात. हसू देत.

मंडळ परत एक झालं. हिमालयाचा ठराव यंदाही मंजूर झाला.

चवथीच्या दोन दिवस आधी सुलभाने मला मयेला बोलावलं. जायची छाती होत नव्हती, पण न जायची त्याहून कमी. स्वयंपाकघरात शिरलो तर उल्हासची बायको कढईपाशी होती आणि पाटावर समोरासमोर सर आणि उल्हास, नेवऱ्या भरत होते. सुलभाचं प्लास्टर निघालं होतं, पण अंगठा आणि बोट जुळून कड दाबली जात नव्हती. ती स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. हे दोघे मनोभावे भांडत होते. सर म्हणत होते, कड कातण्याने कापली की शास्त्रशुद्ध बंद होते. उल्हास म्हणत होता, हाताने मुरड घातली तरच खरी. दोघांच्याही नेवऱ्या बघवत नव्हत्या.

सुलभाने डाव्या हाताने माझ्यापुढे बशी केली. मी घेतली.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे. पाऊस आला की ठणकतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर राहू दे. ठणकला की तुझी आठवण येते, दामूदा. वर्साचे चार महिने."

ती हसत होती. मी नेवरी तोंडात घातली, उत्तर द्यावं लागू नये म्हणून.